आंबट चुक्याचा वाफा

आमच्या गाडीतळावर नियम बरेच होते, पण बाकीचे तळावर देखरेखीला कारखान्याने ठेवलेल्या शिट्टीसाहेबालाही पाठ नव्हते. एक मात्र तो दर चार दिवसांनी शिट्टी फुंकून सांगायचा: तळावर खणायचं नाही. खड्डा नाही, चर नाही, चूल पुरायची नाही, बैलांच्या मेखा सोडल्या तर जमिनीत काही म्हणजे काही घालायचं नाही. का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "खालून पाइपलाइन गेलीय," तो म्हणाला. कुठून कुठे गेलीय ते त्याला ठाऊक नव्हतं. माझा नवरा कल्याण मागून माझा पदर ओढत होता. ज्याच्या गळ्यात शिट्टी असते त्याला प्रश्न विचारू नयेत, असं कल्याणचं मत आहे.

मी सुकन्या. सासर मिरजगावजवळच्या वस्तीवर, माहेर पारनेरकडचं. दिवाळी झाली की मी, कल्याण आणि माझी सासू कडूबाई असे तिघं राहात्याकडच्या एका साखर कारखान्यावर ऊस तोडायला येतो. बैल आणि टायरगाडी ट्रकवर चढवायची, घराला कुलूप लावायचं आणि निघायचं. जिल्हा एकच. पण आमच्याकडे टँकर आला की बाया हंडे घेऊन पळतात, आणि इथे पाटाचं पाणी उसातून फुटून रस्त्यावर येतं तरी कुणी ढुंकून बघत नाही. मला त्याचा राग येतो. पाणी बघून राग येणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर मला बघा.

तळ म्हणजे कारखान्याच्या भिंतीलगतचं मुरमाड मैदान. त्यावर आमच्या कोप्या. कोपी म्हणजे वाकवलेल्या बांबूंवर टाकलेले तट्टे, आत दोघं झोपली तर तिसऱ्याने पाय दुमडायचे. पुढे चूल, बाजूला बैल, मागे गाडी. पहाटे फडात जायचं, ऊस तोडून मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, मग कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत उभं राहायचं. गाडी खाली होईपर्यंत दिवस मावळतो.

आलो तेव्हा मला चौथा महिना होता. मागच्या हंगामात पाचव्यात गेलं होतं, फडातच, मोळी उचलताना. त्याबद्दल जास्त सांगत नाही. जिचं गेलंय तिला कळेल, जिचं गेलं नाही तिला सांगूनही कळायचं नाही. एवढंच सांगते की ह्या वेळी मी मनाशी पक्कं केलं होतं, हे पोर राहणार.

तपासणीला हन्ना सिस्टर यायच्या. त्यांनी माझी पापणी खाली ओढून पाहिली आणि मान हलवली. "रक्त कमी आहे गं. गोळ्या देते, त्या बैलाला घालू नकोस, स्वतः घे. आणि पालेभाजी खा. रोज."

"कुठनं आनू, सिस्टर?"

"बाजारातून."

"बाजार भरतो तवा आमी काट्यावर. आमी सुटतो तवा बाजार उठल्याला."

सिस्टरनी गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. त्यांच्याकडे गोळ्या होत्या, बाजार नव्हता. आमचा मुकादम भागवत नाना सगळ्या टोळीसाठी बटाट्याचं पोतं आणून टाकायचा, आणि आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ बटाटा खायचो. बटाट्याला नाव ठेवत नाही, पण तिसऱ्या आठवड्यात मला बटाट्याचे डोळे माझ्याकडे बघताहेत असं वाटायला लागलं.

त्यातच डोहाळे लागले. चिंचेचे नाहीत, कैरीचे नाहीत, आंबट चुक्याचे. माझी आई चुक्यात हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालते, वरून लसणाची चरचरीत फोडणी. ऊस तोडता तोडता मला त्या फोडणीचा वास यायचा आणि तोंडाला पाणी सुटायचं. चहूकडे गोड ऊस, मैलोन्मैल गोड, आणि मला हवं होतं पानभर आंबट.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना सांगितलं. त्या चुलीत पाचट, उसाचा वाळका पाला, सारत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "ऊसतोडीला डोहाळे नसत्यात."

त्यात त्यांचा दुष्टपणा नव्हता. ऊसतोडीला सण नसतात, ऊसतोडीला आजारपण नसतं, तसंच हे. पण मला असा राग आला की त्या दिवशी मी दोघांच्या वाटणीचा ऊस तोडला. कल्याण म्हणाला, "हळू, कोयता लागंल." मी म्हटलं, "लागू दे उसाला."

वाफ्याची कल्पना मला चाकांनी दिली. इथले शेतकरी तोडीच्या तोंडावरही उसाला पाणी सोडतात, त्यामुळे फडात चिखल. आमच्या गाडीच्या टायरांना तो काळा चिखल जाड थरांनी चिकटून यायचा, बैलांच्या खुरांनाही. कल्याण रोज काट्याहून आला की कोयत्याच्या पाठीने तो खरवडून भिरकावून द्यायचा. एके दिवशी मी ते ढेकूळ उचललं आणि हातात चुरलं. लोण्यासारखी माती. आमच्याकडे अशी माती कुणी घमेलंभर दिली तर तिची ओटी भरू, आणि हा ती फेकत होता.

माहेरी कांद्याचं रोप आम्ही गादीवाफ्यावर टाकतो. गादीसारखा उंच वाफा, पाणी साचत नाही, मुळं मोकळी राहतात. मी तळाकडे बघितलं, शिट्टीसाहेबाचा नियम आठवला, आणि मला हसूच आलं. खणायचं नाही, एवढंच तो म्हणाला होता. रचायचं नाही असं कुठे म्हणाला होता?

मग मी रचायला लागले. पाचटाचे मांडीएवढे पेंढे वळले, उसाच्या वाढ्यांनी, हिरव्या शेंड्यांनी, आवळून बांधले आणि कोपीच्या दक्षिणेला त्यांची चौकट मांडली, गुडघ्याएवढी उंच. तळाशी सुकं पाचट, त्यावर बैलांचं शेण, चुलीतली राख, परत पाचट, परत शेण. कारखान्यातून रस गाळून उरलेली मळी नेणारे ट्रॅक्टर वळणावर सांडत जायचे, ती मळी घमेल्याने भरून आणली. सगळ्यात वर चाकांची माती. रोज जेवढी चिकटून येईल तेवढी. कल्याणला मी बजावलं होतं, एक ढेकूळ जरी फेकलंस तर तुला बटाटाही मिळणार नाही.

शेजारच्या कोपीतली बनुबाई पाथर्डीकडची. जीभ तिखट, पण मनात काही नाही. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "सुकन्ये, कुनाची समाधी बांधतीस?"

"शिट्टीसायबाची," मी म्हटलं. तिचं पोट दुखेस्तोवर हसून झालं.

शेण ताजं असल्यामुळे वाफा आतून तापला. हात घातला की चुलीजवळ बसल्यासारखं वाटायचं. निवेपर्यंत मी थांबले, मग बी टाकलं: मेथी, पालक, कोथिंबीर आणि निम्म्या वाफ्यात चुका. बी कल्याणने आणलं होतं, लाजत लाजत. दुकानदाराने विचारलं म्हणे, जमीन किती. हा म्हणाला, "बैलगाडीयेवढी."

आत्या मात्र वाफ्याकडे बघायच्या नाहीत. एकदाच बोलल्या, तेही भाकरी थापता थापता. "इतं जीव लावू नगं, पोरी. पट्टा पडला की समदं टाकून जायाचं असतं. मागं वळून बगायला लागलं की चालनं हुत न्हाई." पट्टा पडला म्हणजे कारखाना बंद झाला. मी म्हटलं, "जाऊ की टाकून. पर तवर खाऊ." त्यांनी भाकरी उलटली.

पाण्यावरून भांडण होणार हे मला माहीत होतं. अख्ख्या तळाला नळ दोन, त्यातला एक रुसलेला. बनुबाई रांगेतूनच ओरडली, "हितं पेयाला पुरंना, आन् हिला भाजी भिजवायचीय!" सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मी हंडा खाली ठेवला. "नळाचा एक थेंब घालनार न्हाई. तुमच्या पोरांच्या अंगुळीचं पानी द्या मला, भांड्याचं द्या. फेकताच की ते." बनुबाईने जिरवायची म्हणून त्याच संध्याकाळी गढूळ पाण्याची बादली माझ्यापुढे आदळली. मी वाफ्यावर ओतली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बादली घेऊन आली. चौथ्या दिवशी मेथीचे दोन दोन कान वर आले, तेव्हा मला हाक मारणारी तीच होती. "आगं ये, आपली मेथी उगवली!" आपली कधी झाली, ते मी विचारलं नाही.

मग शिट्टीसाहेब आला. लांबूनच शिट्टी, मग तो. "काय हे? खणायचं नाही सांगितलं होतं ना?"

"कुटं खनलंय, सायेब?"

तो वाफ्याभोवती फिरला. वाकला. हातातली काठी त्याने वाफ्याच्या कडेला खुपसून पाहिली. खाली मुरूम लागला, जसाच्या तसा टणक. त्याने दुसऱ्या बाजूने खुपसली, तिथेही मुरूम. तिसऱ्यांदा तो चुक्यात काठी घालायला लागला तेव्हा मी काठी धरली. कल्याणने बैलाच्या आड तोंड लपवलं.

"जमीन कारखान्याची आहे," साहेब म्हणाला.

"जमीन तुमची. माती आमची. शेन आमच्या बैलांचं, राख आमच्या चुलीची. उचला म्हनलात तर उचलू, खाली तुमची जमीन हाय तशी मिळंल."

त्याला ह्यावर शिट्टी वाजवता येईना. तो गेला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, आणि त्या आठवड्यात पाच-सहा कोप्यांपुढे पाचटाच्या चौकटी उभ्या राहिल्या. बनुबाईनेही वाफा घातला, पण नेमका बैलाच्या तोंडापाशी. रोप वर आलं आणि बैलाने एका घासात वाफा साफ केला. "माज्याच घरात चोर," म्हणून ती बैलाला दिवसभर शिव्या देत होती. मेथीची पहिली जुडी मी तिलाच दिली. सगळ्यांनी चिमूट-चिमूट मेथी बटाट्यात घालून खाल्ली. बटाट्याचंही भाग्य उजळलं.

चुका मात्र सावकाश येत होता. पानं आधी नखाएवढी, मग रुपयाएवढी. मी रोज एक पान तोडून जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटायची. भोगीला पहिला चुका कापायचा, असं मी ठरवलं होतं. 'न खाई भोगी तो सदा रोगी' म्हणतात, आणि मला तर रक्ताचीच गरज होती. पोटात पोर लाथा मारायला लागलं होतं. मी त्याला सांगायची, थांब, भोगीपर्यंत थांब.

भोगीच्या आदल्या दिवशी आम्ही काट्यावरून परतलो, आणि लांबूनच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तळ मोठा दिसत होता. जवळ आलो तेव्हा कळलं. जेसीबी फिरवला होता. कोप्यांच्या मधली सगळी जागा सपाट. वाफे, सरपण, दगडांच्या चुली, पोरांनी मांडलेला खेळ, सगळं ओढून भिंतीच्या कोपऱ्यात ढिगारा केला होता. माझ्या वाफ्याच्या जागी जेसीबीच्या दातांच्या रेघा उमटल्या होत्या.

शिट्टीसाहेब तिथेच उभा होता. परवा मोठे साहेब लोक तळ बघायला येणार होते म्हणे. "कोपीची जागा तुमची. बाहेरची कारखान्याची. बाहेर एक पान दिसता कामा नये."

मला वाटत होतं मी भांडेन. मी नेहमी भांडते. पण त्या दिवशी नाही. मी ढिगाऱ्यापाशी बसले आणि रडले, मोठ्याने, लाज न बाळगता. पाल्याची भाजी होती ती, मान्य आहे. पण मागच्या वर्षी मी रडले नव्हते, दुसऱ्या दिवशी फडात गेले होते, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, ती जोडी मोडता येत नाही. ते सगळं रडणं आता बाहेर पडलं. कल्याण माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. "जाऊ दे, सुकन्या. आता म्हैना-दोन म्हैन्याचा तर खेळ हाय," असं म्हणत राहिला. मला त्याचाही राग आला, आणि कीवही आली, कारण तेच वाक्य तो स्वतःलाही सांगत होता.

आत्या आल्या त्या माझ्याकडे आल्याच नाहीत. डोक्यावरचा वाढ्यांचा भारा त्यांनी बैलापुढे टाकला आणि सरळ साहेबापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, कोपीच्या आत काय ठिवायचं, त्याचा काय नेम हाय?"

"कसला नेम? कोपीच्या आत तुमचं तुम्ही बघा. हत्ती बांधा."

"पुना येकदा म्हना. समद्यांनी ऐकू द्या."

तो वैतागला. "कोपीच्या आत काय वाटेल ते ठेवा, बाई! बाहेर नको!"

आत्यांनी मान डोलावली. मग त्या ढिगाऱ्यापाशी आल्या, माझ्याशेजारी बसल्या आणि हाताने माती उपसायला लागल्या. मला वाटलं त्या काही सांडलेलं शोधताहेत. त्यांनी एक चुक्याचं मूळ ओढून काढलं, पानं चेचून गेलेली, पण मूळ जाड आणि लालसर, धड. ते त्यांनी पदरात टाकलं. मग दुसरं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रडून झालं आसंल तर हात चालीव. मुळं जित्ती हायेत."

"आत्या, लावायची कुटं?"

 त्या मुळं वेचत राहिल्या. "कल्यानच्या येळंला मला बी लागलं हुतं," त्या म्हणाल्या. "चुका न्हाई, करडीची भाजी. म्या कुनाला सांगितलंच न्हाई. सांगून कोन देनार हुतं? तू सांगितलंस, आन् म्या तुला काय म्हनलं?" त्यांनी हातातल्या मुळावरची माती झटकली. "माजंच त्वांड उसाच्या वाढ्यासारकं वाळून गेलंय."

मग त्या उठल्या. कोपीपाशी गेल्या, कोयता घेतला आणि तट्ट्याची दोरी सपकन कापली.

"आई, काय करतीयास?" कल्याण धावला.

"त्ये टोक धर."

"आगं पन छप्पर हाय ते!"

"मग? चुक्याला ऊन नगं? टोक धर म्हनलं ना."

कल्याणने टोक धरलं. एक तट्टा निघाला, दुसरा निघाला, आणि आमची कोपी वरून उघडी झाली. बाजूचे तट्टे उभे, दाराला पोत्याचा पडदा, वर आभाळ. आतल्या वळकट्या, डबे, पेटी त्यांनी बाहेर काढून गाडीखाली लावली. कल्याण मध्येच उभा राहिला. "आई, झोपायचं कुटं?"

"गाडीखाली. तुजा बाप काय म्हालात झोपायचा? आन् सुकन्या बनुबाईकडं झोपंल. दोन जिवाची हाय, तिला वारं नगं."

बनुबाईने आतून वळकटी सरकवल्याचा आवाज आला. विचारायची गरजच पडली नाही. मग ती बाहेर आली आणि घमेलं उचललं. ढिगाऱ्यात आमची माती होती, ती जेसीबीवाल्याने फेकून दिलेली नव्हती, नुसती ढकलली होती. आम्ही घमेली भरून ती परत आणली. पाचटाला तर तोटाच नाही. दिवस पुरता मावळायच्या आत कोपीच्या चारही भिंतींच्या मधे पहिल्यापेक्षा मोठा वाफा उभा राहिला, आणि त्यात चुक्याची मुळं ओळीने लावून झाली. बादलीभर अंघोळीचं पाणी बनुबाईनेच घातलं.

भोगीला आम्ही बटाटा खाल्ला. खोटं कशाला सांगू.

संक्रांतीच्या सकाळी शिट्टीसाहेब पाहणीला आला. साहेब लोकांच्या गाड्या दुपारी येणार होत्या. आमच्या कोपीपुढे तो थबकला. कोपीची उंची नेहमीची नव्हती. त्याने पाचटाची काडी उडताना पाहिली, मग मान उंचावून आत पाहिलं, आणि त्याच्या तोंडातली शिट्टी नुसती फुस्स झाली.

"हे काय?"

"कोपी," आत्या म्हणाल्या. त्या दारातच बसल्या होत्या, पडद्याला पाठ लावून.

"छप्पर कुठाय?"

"काडलं. लई गरम हुतंय."

"गरम? संक्रांतीला?"

"म्हातारपन हाय, सायेब. म्हातारीला कवा बी गरम हुतं."

साहेबाचा चेहरा लाल झाला. "आत काय भरलंय?"

"त्ये कोपीच्या आतलं हाय. तुमी काय म्हनला हुता? हत्ती बांधा. हत्ती कुटनं आनू? चुका लावला. बगायचं आसंल तर या, पर चपला भायेर काडा. आमच्या घरात चपला घालून कोन येत न्हाई."

तो चपला काढेना आणि आतही जाईना. "भागवत! भागवत मुकादम कुठाय?" भागवत नाना आला. त्याला दोन्हीकडून मरण. त्याने आमच्या कोपीकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. "सायेब, कोपी तर हायेच की. दार हाय, भिती हायेत."

"छप्पर टाकायला लावा! आत्ताच्या आत्ता! मोठे साहेब हे बघणार का?"

तेव्हा मी बोलले. रडून झालं होतं माझं. "बगू द्या की, सायेब. इचारतील तर सांगू, भायेर लावला तर जेसीबी फिरतो, म्हनून घरात लावला. का लावला त्ये बी सांगू. हन्ना सिस्टरचा कागद हाय माज्याकडं, रक्त किती हाय त्ये लिवलंय."

तो माझ्यावर ओरडणार, एवढ्यात शेजारी बनुबाई आपल्या कोपीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात कोयता होता, पण तो आमच्या हातात कायमच असतो. तिने काही केलं नाही. मान वर करून आपल्या छपराच्या दोरीकडे नुसती बघत राहिली. तिच्या पलीकडची बाईही बाहेर आली आणि आपल्या छपराकडे बघायला लागली. मग तिच्या पलीकडची.  सगळ्या आपापल्या छपराचा अंदाज घेत उभ्या, जणू गरम होतंय का ते बघताहेत.

शिट्टीसाहेबाने ती ओळ पाहिली. अख्खा तळ बिनछपराचा कसा दिसेल, ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं असावं. त्याने शिट्टी खिशात घातली. "एवढी एकच," तो दबक्या आवाजात म्हणाला. "दुसरी नको."

"आमाला येकच पुरते," आत्या म्हणाल्या.

दुपारी गाड्या आल्या आणि काचा न उतरवताच फिरून गेल्या.

त्यानंतर थंडी वाढली. सकाळी आत्यांच्या गोधडीवर दव पडलेलं असायचं आणि त्यांचा खोकला काट्यापर्यंत ऐकू यायचा. मी दोनदा म्हटलं, आत्या, टाकू छप्पर, खोकला वाढतोय. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्या माझ्यावर अशा ओरडल्या की बैल उठून उभे राहिले. "माजा खोकला माज्याजवळ राहू दे! तुज्या रक्ताचं बग!" कल्याण गाडीच्या दोन्ही बाजूंना पोती बांधून वारा अडवायचा. शिकला म्हणायचं थोडं.

चुका फुटला. जुन्या मुळांना नवी पानं येतात ती पहिल्यापेक्षा रुंद असतात. तट्ट्यांच्या आत वारा लागत नव्हता, वरून ऊन सरळ पडत होतं. एका रविवारी कारखाना दुरुस्तीला थांबला आणि आम्हाला तोड नव्हती. आत्या पडदा सारून वाफ्यात गेल्या आणि ओटीभर चुका कापून आणला. भागवत नानाकडून हरभऱ्याची डाळ आणली, बनुबाईने शेंगदाणे दिले. लसणाची फोडणी पडली तेव्हा तीन कोप्यांपलीकडून कुणीतरी विचारलं, काय शिजतंय.

मी पहिला घास घेतला आणि माझे डोळे मिटले. दात आंबले, कान आंबले, अंगावर काटा आला. पोटातल्या पोराने अशी उसळी मारली की मी ताट धरून हसले. आत्या समोर बसून बघत होत्या, हातातली भाकरी तशीच. मी खात राहिले. दुसरी भाकरी, तिसरी. त्यांनी पातेल्याला लागलेला चुका खरवडून माझ्या ताटात वाढला.

मी ताट दोघींच्या मधे सरकवलं. "आत्या, तुमी खावा."

"तुजे डोहाळे हायेत."

"तुमचे ऱ्हायलेत."

त्यांनी ताट थोडं आपल्याकडे ओढलं. मग भाकरीचा तुकडा मोडला, चुक्यात बुडवला आणि तोंडात घातला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आंबटाने आलं म्हणाल तर तसंही म्हणा. त्यांनी पदराने डोळे पुसले नाहीत, दुसरा तुकडा मोडला. आम्ही दोघी एका ताटात खात होतो आणि कल्याण बटाट्याच्या पातेल्याशेजारी गप्प बसला होता.

ताट स्वच्छ झाल्यावर आत्या म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय." आणि कोयता घेऊन परत कोपीत गेल्या, आणखी कापून आणायला.